रेव्हरंड टिळक आणि ख्रिस्ती शाळांतील देशी विद्या

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शहरांत घरोघर एकच विचार सुरू होतो, आणि तो म्हणजे मुलांस कोणत्या शाळेंत घालावें हा. गुलमंडीवरील व्यापारी असो, कचेरींतील कारकून असो किंवा नव्या वसाहतींतील कारखानदार असो, त्याचा ओढा पुष्कळदां ख्रिस्ती संस्थांनीं चालविलेल्या इंग्रजी शाळांकडे असतो. तेथील शिस्त, तेथील इंग्रजी आणि तेथील स्वच्छता ह्यांची कीर्ति मोठी आहे आणि ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ह्या शाळांविषयीं दोन प्रकारच्या तक्रारी नेहमीं कानीं पडतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, ह्या शाळांत मूल आपल्या देशास परकें होतें. त्यास पैठणचे नाथ ठाऊक नसतात आणि जात्यावरच्या ओव्या तर त्यानें ऐकलेल्याही नसतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, शाळेंत मुलें इंग्रजीसाठीं व चरितार्थासाठीं पाठवावयाचीं, तेथें ओव्या आणि अभंग ह्यांचें काय काम? ह्या दोन्ही पक्षांपुढें, आणि त्याहूनही अधिक ह्या शाळांच्या चालकांपुढें, आज आम्ही एका थोर पुरुषाचें चरित्र ठेवूं इच्छितों. हा पुरुष जन्मानें कोंकणस्थ ब्राह्मण, विद्येनें संस्कृतज्ञ, वृत्तीनें कवि, धर्मानें ख्रिस्ती आणि मनानें शेवटपर्यंत कडवा स्वदेशाभिमानी होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक हें त्याचें नांव. ता. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले. त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, पण त्यांनीं मांडलेला प्रश्न अद्याप आमच्या शाळांच्या दारांत उभा आहे.

टिळकांची कामगिरी नीट कळावी म्हणून ते ज्या संस्थांत शिरले त्यांची हकीकत थोडक्यांत सांगणें जरूर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री सन १८१३ मध्यें मुंबईस उतरले. मुलींसाठीं शाळा काढण्याचा उद्योग ह्या मिशननें मुंबईंत सन १८२४ मध्यें केला आणि १८३१ मध्यें अहमदनगरास ठाणें घातलें. नगर येथें मिस फरार ह्या बाईंनीं चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनानें उचल खाल्ली आणि सावित्रीबाईंनीं तेथें अध्यापनाचे धडे घेतले, हें आतां सर्वश्रुत आहे. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. आमच्या शहरालगतच्या जालन्यास, त्या काळच्या निजामी मुलखांत, रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांनीं बेथेल नांवाची वसाहत उभी केली. ज्या मुलांस गांवची शाळा उंबरठ्यावर उभें करीत नव्हती त्यांच्या हातीं पाटी-पेन्सिल देण्याचें काम प्रथम मोठ्या प्रमाणावर ह्या मंडळींनीं केलें. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु ह्या ऋणाची दुसरी बाजूही खतावणींत मांडली पाहिजे. मिशनच्या शाळेंतून व देवळांतून जो धर्म शिकविला जाई त्याचा पोषाख बव्हंशीं विलायती होता. पाश्चात्य चालींवर जुळविलेलीं गीतें, शब्दशः भाषांतर केलेलीं प्रवचनें आणि या देशाचें जें जें म्हणून आहे तें तें अंधःकारांत गणण्याची संवय, अशी ती रीत होती. ह्यांत अपवाद नव्हते असें नाहीं. नगरकडील कृष्णराव सांगळे ह्यांनीं टिळकांच्या आधींच देशी चालींवर ख्रिस्ती पदें रचून कीर्तनें केलीं होतीं आणि त्यांचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तथापि एकंदर वारा उलट दिशेनें वाहत होता, आणि ह्या वाऱ्यांत टिळकांनीं पाऊल टाकलें.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील तापट आणि करडे. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक आणि स्वतः पदें रचणारी. आईच्या मांडीवर ऐकलेलीं गाणीं हीच ह्या कवीची पहिली शाळा होय. पण हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. मुलगा लहान असतांच आई वारली आणि पुढें घर सुटलें. हा पोरका मुलगा नाशकास आला व तेथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्यासारख्या विद्वानापाशीं संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेंत थोडीं वर्षें घालवलीं, पण परीक्षेचा शिक्का त्यांच्या विद्येवर कधीं बसला नाहीं. जें मिळविलें तें स्वतःच्या वाचनानें मिळविलें. सन १८८० च्या सुमारास नाशकाजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका ह्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. हीच पुढें स्मृतिचित्रें लिहून मराठी वाङ्मयांत अमर झालेली लक्ष्मीबाई टिळक.

संसार मांडला खरा, पण टिळकांचा पाय एका जागीं ठरेना. कधीं शिक्षक, कधीं पुराणिक, कधीं शीघ्रकवि, अशा अनेक वृत्ति त्यांनीं केल्या. हातांत आलेला पैसा पहिल्या गरजवंतास देऊन टाकावा आणि घरीं बायकोनें पिठाची चिंता करावी, असा हा प्रपंच होता. नागपुरास बुटी ह्या धनिक घराण्याच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें आणि हिंदु धर्माच्या चर्चेसाठीं ऋषि नांवाचें मासिकही चालविलें. परंतु मनांत एक प्रश्न घर करून बसला होता. जातिभेदानें चिरलेलें हें राष्ट्र एक कसें होणार? मनुष्यास मनुष्याजवळ आणणारा आणि कर्मकांडाच्या ओझ्याखालीं न दबणारा असा धर्म कोणता? राष्ट्राच्या उद्धाराच्या विवंचनेंतूनच त्यांचा धर्मशोध निघाला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीं त्या काळींही लक्षांत घेतली नाहीं आणि आजही फारसें कोणी घेत नाहीं.

सन १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली आणि हा मनुष्य दोन वर्षांत ख्रिस्ती होईल असें भाकीत केलें. टिळकांस तें विलक्षण वाटलें; पण दिलेला शब्द पाळण्यासाठीं त्यांनीं पुस्तक वाचावयास घेतलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांस आपल्या प्रश्नांचीं उत्तरें मिळूं लागलीं. पुढें बराच काळ पत्रव्यवहार, वाद आणि मनाची ओढाताण ह्यांत गेला. अखेर ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या देवळांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तोही त्यांनीं आपल्याच इच्छेनें एका देशी पाळकाच्या हातून घेतला, गोऱ्या पाद्र्याच्या हातून घेतला नाहीं. पुढील चोवीस वर्षांचें सारें धोरण ह्या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

बाप्तिस्म्याची वार्ता घरीं पोचली तेव्हां जो आकांत झाला त्याची कल्पना आजच्या वाचकांस येणें कठीण आहे. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातलगांच्या आश्रयास राहिल्या. नवरा जिवंत असतां वैधव्यासारखे दिवस त्यांनीं काढले. येथें आम्ही कायद्याच्या एका बाजूकडे वाचकांचें लक्ष वेधितों. धर्मांतर केलेल्या मनुष्याचा वारसाहक्क बुडूं नये म्हणून सन १८५० चा एकविसावा कायदा होता. आणि धर्मांतरामुळें जोडीदारानें त्याग केला असतां विवाह मोडून घेण्याची सोय सन १८६६ च्या कायद्यानें करून ठेवली होती. सहा महिने त्याग झाल्यावर फिर्याद, मग कोर्टानें दिलेली वर्षभराची मुदत, आणि त्यानंतर मोकळीक, अशी ती रीत. कायद्याचा दरवाजा उघडा असतां टिळक त्या दारानें गेले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले, वाट पाहत राहिले आणि पत्नीच्या धर्मबुद्धीवर त्यांनीं बळजबरी केली नाहीं. सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, तेव्हांही त्या प्रथम आपला सोंवळेपणा संभाळूनच राहिल्या. त्यांच्या मनांतील शिवाशीव आधीं गेली, बाप्तिस्मा मागाहून, सन १९०० मध्यें झाला. धर्म हा आंतून उगवला पाहिजे, बाहेरून लादतां येत नाहीं, हा धडा टिळक प्रथम आपल्या घरांत शिकले आणि मग पाठशाळेंत शिकवूं लागले.

नगरास मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत टिळक अध्यापक झाले आणि सन १९०४ मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ह्या विद्यालयांत येणारे विद्यार्थी खेड्यापाड्यांतील, बहुधा महार व मांग समाजांतील तरुण असत. उद्यां हेच गांवोगांव शाळामास्तर आणि उपदेशक व्हावयाचे होते. टिळकांनीं पाहिलें कीं, ह्या तरुणांस परकी गीतें पाठ येतात, पण तीं त्यांच्या गळ्यांत बसत नाहींत. खेड्यांत हा मास्तर तें गीत म्हणूं लागला तर चार माणसें जमत नाहींत. पण एकतारी आणि टाळ घेऊन भजन आरंभिलें तर सारी आळी गोळा होते. म्हणून त्यांनीं ओवी, अभंग, पद, आरती आणि कीर्तन हे सारे प्रकार ख्रिस्ती उपासनेंत व ख्रिस्ती शिक्षणांत आणण्याचा उद्योग मांडला. कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग त्यांनीं ख्रिस्तचरित्रास लावून दाखविले. त्यांनीं दोनशेंहून अधिक उपासनागीतें रचलीं आणि आजही महाराष्ट्रांतील मराठी ख्रिस्ती देवळांतून तीं गाइलीं जातात. मराठी ख्रिस्ती मनुष्याचें देवाशीं बोलणें मराठी झालें, हें त्यांचें सर्वांत मोठें कार्य होय.

हें करतांना त्यांनीं संतवाङ्मयाकडे केवळ चालींचें भांडार म्हणून पाहिलें नाहीं. तुकारामाच्या मार्गानें चालत चालतच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलों अशी त्यांची निष्ठा होती. ज्या भक्तीनें ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ आणि तुकाराम ह्यांचीं अंतःकरणें भरलीं होतीं ती भक्ति ईश्वराचीच देणगी आहे, म्हणून ख्रिस्ती मुलानें तिचा वारसा टाकून देणें म्हणजे आपल्या बापजाद्यांची मिळकत दुसऱ्याच्या नांवें लिहून देणें होय, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. ह्या दृष्टीचा परिणाम गोऱ्या मिशनऱ्यांवरही झाला. ज्यांच्याशीं टिळकांचा बाप्तिस्म्यापूर्वींपासून स्नेह होता ते डॉक्टर जस्टिन ॲबट उतारवयांत मराठी संतकवींच्या भाषांतरास लागले. सन १९२६ मध्यें भानुदास आणि १९२७ मध्यें एकनाथ अशीं त्यांच्या मालेंतील पहिलीं पुस्तकें निघालीं. भानुदास आणि एकनाथ हे दोघेही आमच्या पैठणचे. ज्या गांवचा संत एका अमेरिकन पाद्र्यानें म्हातारपणीं अभ्यासिला, त्याचें नांव त्या गांवापासून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या शाळेंत मुलांच्या कानीं न पडावें, हें कशाचें लक्षण समजावें?

मुलांविषयींचें टिळकांचें प्रेम त्यांच्या कवितेंत उतरलें, आणि महाराष्ट्रानें त्यांस फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखलें. बालबोधमेवा ह्या मुलांच्या मासिकांत त्यांनीं लिहिलें. त्यांचें घर म्हणजे परक्या मुलांचें आश्रयस्थानच होतें. पुढें बालकवि म्हणून प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे कांहीं काळ ह्याच घरीं मुलासारखे राहिले. ते हिंदु होते आणि हिंदूच राहिले. टिळकांनीं त्यांच्या काव्यास खतपाणी घातलें, धर्मास हात लावला नाहीं. पारध्याच्या क्रौर्यास बळी पडलेल्या पक्षिणीची टिळकांची कविता महाराष्ट्रांतील किती पिढ्यांनीं शाळेंत पाठ केली आणि डोळे पुसले! त्यांतल्या पुष्कळांस हा कवि ख्रिस्ती धर्मोपदेशक होता हें ठाऊकही नव्हतें. देशी रूप घेतलेली ख्रिस्ती करुणा अशी सर्वांच्या शाळेंत आपोआप शिरली आणि कोणासही ती परकी वाटली नाहीं.

सन १९१२ पासून मरेपर्यंत टिळक ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. हें पत्र सन १८४२ मध्यें निघालेलें. त्यांतून त्यांनीं देशभक्ति आणि ख्रिस्तभक्ति ह्यांत विरोध नाहीं हें मत निर्भयपणें मांडलें. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यानें हिंदी राष्ट्राच्या आकांक्षांपासून दूर राहावें, अशी समजूत त्या काळीं मिशनच्या बंगल्यांतही होती आणि बाहेर बाजारांतही होती. दोन्हीकडून टिळकांस बोल लागले. हिंदु शेजारी त्यांस साहेबांचा म्हणत आणि कांहीं साहेब त्यांस फार स्वदेशी म्हणत. लोकमान्यांशीं त्यांचें आडनांव जुळतें, आणि दोघांच्या निधनांत अंतर अवघें पंधरा महिन्यांचें. एकानें स्वराज्य राजकारणांत मागितलें, दुसऱ्यानें तें धर्मशिक्षणांत मागितलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हिंदी ख्रिस्ती समाजाची शाळा आणि देऊळ हिंदी माणसांच्या हातीं असावें, पैशासाठीं व निर्णयासाठीं समुद्रापलीकडे पाहावें लागूं नये, हें त्यांचें म्हणणें होतें.

तें त्यांनीं स्वतः आचरून दाखविलें. सन १९१७ मध्यें वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास देवाचा दरबार नांवाची मंडळी स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणाऱ्या प्रत्येकास ह्या दरबारांत जागा होती. पंथाच्या भिंती ठेवावयाच्या नाहींत, बंधुता हीच दीक्षा, असा तो संकल्प. पगार सोडतांना घरीं शिल्लक कांहींच नव्हती. लक्ष्मीबाईंनीं तेंही सोसलें. परंतु शरीर थकलें होतें. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत मुंबईंत त्यांचा अंत झाला आणि दरबारही त्यांच्यामागें फार काळ तग धरूं शकला नाहीं. ख्रिस्तायन हें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनीं सन १९०९ मध्यें आरंभिलें होतें, तें थोड्याशा अध्यायांवर थांबलें. जी बाई लग्नाच्या वेळीं अक्षरशत्रु होती त्या लक्ष्मीबाईंनीं पुढें साठांहून अधिक अध्याय लिहून तो ग्रंथ तडीस नेला. सन १९३६ मध्यें त्या वारल्या आणि १९३८ मध्यें ख्रिस्तायन प्रसिद्ध झालें. शिक्षकाची कसोटी शिष्यावरून करावयाची असेल तर टिळकांस ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र दुसरें कोणतें द्यावें?

येथवर स्तुति झाली. आतां उणीवही सांगितली पाहिजे, कारण चरित्र हें पूजेसाठीं लिहावयाचें नसतें. टिळकांनीं जें देशी म्हणून शाळेंत आणलें तें मुख्यत्वें संस्कृत विद्येनें घडलेल्या ब्राह्मणाच्या दृष्टीनें निवडलेलें होतें. ज्या महार-मांग कुटुंबांतून नगर, जालना आणि आमच्या जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाज मुख्यतः उभा राहिला, त्यांच्या आठवणी निराळ्या होत्या. देवळांतील कीर्तन त्यांनीं पायरीखालीं उभे राहून ऐकलें होतें. चोखोबाची समाधि पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे, ही गोष्ट त्यांस कोणी शिकवावी लागत नव्हती. त्यांतील पुष्कळांस परकी चाल प्रिय वाटली ह्याचें कारण असें कीं, तिच्यांत जुन्या अपमानाचा सूर नव्हता. अशा मनुष्यास पुन्हां टाळ-चिपळ्या हातीं घे म्हणून सांगणें हें त्यास घरीं बोलावणें वाटेल कीं जुन्या वेशीबाहेर नेऊन उभें करणें वाटेल, हा प्रश्न खरा आहे. डॉक्टर आंबेडकरांनीं सन १९५० मध्यें आमच्या शहरांत मिलिंद महाविद्यालय काढलें तेव्हां त्या नांवांतच त्यांनीं निराळा देशी वारसा निवडला. तो प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचा आणि उत्तर देणाऱ्या नागसेनाचा वारसा होता. म्हणून आज देशी विद्या शाळेंत आणावयाची तर ती एका जातीची किंवा एका पंथाची देशी विद्या असतां कामा नये. एकनाथांच्या शेजारीं चोखोबा आणि सोयराबाई, अभंगाच्या शेजारीं जात्यावरची ओवी आणि शाहिराचा पोवाडा, आणि ह्या सर्वांच्या शेजारीं जोतीराव व बाबासाहेब असले पाहिजेत. टिळक आज असते तर बंधुतेच्या आपल्याच तत्त्वास अनुसरून त्यांनीं हें मान्य केलें असतें, असें आम्हांस वाटतें.

ह्या विषयांत जगाचा अनुभव काय आहे? मराठी मुलखाचाच दाखला प्रथम घ्या. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट सन १५७९ मध्यें गोव्यास आला आणि सन १६१६ मध्यें त्याचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून निघालें. पैठणास नाथ १५९९ मध्यें समाधिस्थ झाले, म्हणजे दोघेही कांहीं वर्षें समकालीन होते. त्या काळच्या पाद्र्यासही कळलें होतें कीं, ह्या लोकांस धर्म सांगावयाचा तर तो त्यांच्या छंदांत सांगितला पाहिजे. परंतु पुढें सन १६८४ मध्यें त्याच गोव्यांत देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावें असा व्हाइसरॉयाचा हुकूम सुटला. एकाच गोव्यानें सत्तर वर्षांत दोन्ही रस्ते चालून पाहिले. स्टीफन्सच्या ओव्या लोकांनीं पिढ्यान्पिढ्या जपल्या. तो हुकूम मात्र हेतु साधूं शकला नाहीं, कोंकणी अद्याप जिवंत आहे.

दुसरा दाखला कॅनडाचा आहे आणि तो फार दुःखाचा आहे. तेथें सरकारच्या पैशानें आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या व्यवस्थेखालीं आदिवासींच्या मुलांसाठीं निवासी शाळा शंभरांहून अधिक वर्षें चालल्या. सुमारें दीड लाख मुलांस आईबापांपासून तोडून ह्या शाळांत ठेवण्यांत आलें. आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांस मार बसे. हजारों मुलें तेथें दगावलीं. सन २०१५ मध्यें तेथील सत्यशोधन आयोगानें ह्या सर्व प्रकाराचा अहवाल देऊन चौऱ्याण्णव शिफारशी केल्या आणि आदिवासींची विद्या व त्यांचा इतिहास शाळांत शिकवावा असें स्पष्ट सांगितलें. तत्कालीन पोप फ्रान्सिस ह्यांनीं सन २०२२ मध्यें त्या देशांत जाऊन क्षमा मागितली. आमच्या शहरांतील ख्रिस्ती शाळांची ह्या शाळांशीं तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. येथें पालक स्वखुशीनें मुलें पाठवितात. परंतु भाषा हिसकावून घेण्यास नेहमींच छडी लागते असें नाहीं. मराठीचा तास नको असलेल्या पाहुण्यासारखा वागविला, पटांगणांत मराठी बोलणाऱ्या मुलाची कुचेष्टा झाली, तरी तेंच काम हळूहळू होतें. मराठवाड्यास हें नव्यानें सांगणें नको. सन १९४८ पर्यंत येथें राजभाषा निराळी होती आणि आमच्या वाडवडिलांनीं आपली भाषा टिकविण्यासाठीं वर्गणी काढून शाळा चालविल्या. सन १९१५ पासून चालत आलेली सरस्वती भुवन संस्था त्याची साक्ष आहे.

आतां कायद्याकडे वळूं. घटनेच्या तिसाव्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तो पवित्र आहे आणि ह्या शाळांवर जमाव नेऊन धाक घालणारे लोक राष्ट्राचें हित करीत नाहींत, असें आम्ही स्वच्छ सांगतों. अठ्ठाविसाव्या कलमान्वयें, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही मुलास त्याच्या अथवा पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. एकोणतिसाव्या कलमानें प्रत्येक समाजास आपली भाषा व संस्कृति जतन करण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रांत तर सन २०२० च्या कायद्यानें सर्व शाळांतून मराठी शिकविणें सक्तीचें झालें आहे. म्हणजे कायदा कोणाच्याही आड येत नाहीं. परंतु कायद्यानें तास मिळतो, जिव्हाळा मिळत नाहीं. तो शाळाचालकांनीं आणि पालकांनीं आणावयाचा असतो.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. सकाळच्या प्रार्थनेंत इंग्रजी गीतांबरोबर टिळकांचीं पदें, ख्रिस्तपुराणांतील ओव्या आणि संतांचे अभंग ह्यांस स्थान असावें. टिळकांचें नांव तरी निदान ख्रिस्ती शाळेंतील प्रत्येक मुलास माहीत असावें. इतिहासाचा तास पुस्तकांत न संपवितां मुलांस पैठणास, देवगिरीस आणि वेरुळास न्यावें. मलिक अंबरानें ज्या नहरींनीं ह्या शहरास पाणी पाजलें त्या नहरी आणि पाणचक्की दाखवावी. वर्षांतून कांहीं दिवस आज्या-पणज्यांस, शाहिरांस, कुंभारास, पैठणी विणणाऱ्यास व हिमरू विणणाऱ्यास शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावें. ज्यांच्या पूर्वजांस वेशीबाहेर ठेवलें गेलें त्यांचा इतिहासही त्यांच्याच तोंडून मुलांनीं ऐकावा. आणि मराठी शिकविणाऱ्या शिक्षकास इंग्रजी शिकविणाऱ्याइतकाच मान व वेतन मिळावें, कारण मुलें कोणत्या विषयास थोर मानावें हें शिक्षकाच्या मानावरून ठरवितात.

पालकांसही दोन शब्द सांगणें आहे. आमचे व्यापारी बंधु फी भरतांना इंग्रजीचा हिशेब काटेकोर पाहतात. परक्याचें भांडवल कर्जाऊ आणून धंदा वाढवितां येतो, हें त्यांस ठाऊक आहे. पण घरची पुंजी मोडून कोणताही शहाणा व्यापारी तें करीत नाहीं. मुलाच्या बाबतींत मात्र आपण नेमकें तेंच करतों आणि त्यास प्रगति म्हणतों. पालकसभेंत उभे राहून मराठीविषयीं, गांवच्या इतिहासाविषयीं चौकशी करणारे पालक किती निघतात? जे पालक मागत नाहींत त्यांस शाळा तरी कां देईल? आणि ज्या शाळा हिंदु, मुसलमान, बौद्ध किंवा जैन मंडळी चालवितात त्यांनींही टिळकांचें चरित्र मुलांस सांगावें, म्हणजे ख्रिस्ती मराठी माणूस हा परका नसून आपल्याच घरांतील आहे हें त्या मुलांस कळेल.

येत्या जूनमध्यें शाळा उघडतील तेव्हां आठवड्यांतील एक तास तरी ह्या कामास द्यावा, एवढीच आमची शहरांतील ख्रिस्ती शाळाचालकांस विनंति आहे. टिळकांनीं ह्या कामास चोवीस वर्षें दिलीं आणि अखेर पगारही सोडला. त्या मानानें आम्ही फार मागत नाहीं.